अ‍ॅनिमेशनपटांना संध्याकाळचा खेळ आणि प्रेक्षकांना अर्धा तास द्या : कोल्हापूरच्या चित्रपट संयोजकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील चित्रपट महोत्सवांचे संयोजक, फिल्म सोसायट्यांचे पदाधिकारी आणि चित्रपटगृहांचे चालक यांस,

सविनय नमस्कार.

जुने अ‍ॅनिमेशनपट, जपानी अ‍ॅनिमे आणि स्टॉप-मोशनचे, म्हणजे पुतळे किंचित किंचित हलवून एकेक फ्रेम टिपत केलेले, चित्रपट जिवापाड जपणारा एक प्रेक्षकवर्ग या शहरात आहे. त्यात चित्रकला शिकणारी मुलेमुली आहेत, कुंभार गल्लीत शाडूत हात घालून बसणारे मूर्तिकार आहेत, तालमीत मर्दानी खेळ शिकवणारे आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत आणि मुलांच्या निमित्ताने हे चित्रपट पाहायला लागून मुले मोठी झाल्यावरही पाहतच राहिलेले आईवडील आहेत. त्यांच्यापैकी एक या नात्याने मी आपल्याला दोन विनंत्या करत आहे. पहिली अशी की, हे चित्रपट सकाळी नऊच्या बालविभागात न टाकता संध्याकाळच्या मुख्य खेळांत, मोठ्या पडद्यावर लावावेत. दुसरी अशी की, खेळ संपल्यावर प्रेक्षकांना त्याच सभागृहात अर्धा तास बोलू द्यावे. दुसरी विनंती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि तिच्याविषयी गैरसमज अधिक असल्यामुळे या पत्राचा बराचसा भाग मी तिलाच देणार आहे.

आम्ही या चित्रपटांविषयी बोलतो तेव्हा खूप हसतो. एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आम्हाला स्पष्टच सांगितले होते की, रसग्रहणाचा कार्यक्रम ठेवायचा तर त्यासाठी वक्ता लागतो, विषय लागतो, आणि तुम्ही तर नुसते खिदळता. त्यांच्या आस्थेविषयी मला शंका नाही. परंतु त्या हसण्यात काय काय घडते ते त्यांनी थांबून ऐकले नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर सांगतो.

‘किंग काँग’ हा १९३३ सालचा चित्रपट घ्या. विलिस ओब्रायन यांनी त्यातला अजस्र वानर म्हणून जो पुतळा हलवला तो उंचीने जेमतेम दीड-दोन फुटांचा होता, आत सांध्यांचा धातूचा सांगाडा आणि वरून सशाची लव. चित्रपट पाहताना काँगच्या अंगावरचे केस सतत थरथरताना दिसतात. आमच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले, ‘‘न्यूयॉर्कमध्ये बाकी कोणाचाही केस हलत नाही, मग या एकट्यालाच वारा कुठून लागतो?’’ सगळे हसले. पण त्या हसण्यातूनच उत्तर निघाले. पुतळा प्रत्येक फ्रेमसाठी किंचित हलवताना कारागिराच्या बोटांखाली लव दबत होती, दर वेळी वेगळ्या बाजूला, आणि पडद्यावर तोच दाब थरथर होऊन उमटत होता. ओब्रायन यांची बोटे आपण नव्वद वर्षांनंतरही पाहतो आहोत, हे त्या मुलीच्या प्रश्नामुळे सगळ्यांच्या एकदम ध्यानात आले. पुढे ‘फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स’ या २००९च्या चित्रपटात वेस अँडरसन यांनी हीच थरथर मुद्दाम राखली, कारण हाताची खूण पुसून टाकायची नाही असे त्यांनी ठरवले होते. एका चेष्टेच्या प्रश्नापासून आम्ही येथवर पोहोचलो. हे रसग्रहण नव्हे तर काय?

दुसरे उदाहरण ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’ या १९६३च्या चित्रपटातील लढाईचे. जमिनीत पेरलेल्या दातांतून सात सांगाडे ढालतलवारी घेऊन उगवतात आणि तीन माणसांवर तुटून पडतात. रे हॅरीहाउसेन यांनी काही मिनिटांच्या या प्रसंगातले सांगाडे एकट्याने हलवले, आणि त्याला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. सातही सांगाड्यांचे हात, पाय, मान, ढाल, तलवार हे सारे एकेका फ्रेमसाठी हलवायचे असल्यामुळे दिवसाकाठी सेकंदभराचेही काम पुरे होत नसे. आमच्यात मर्दानी खेळ शिकवणारे एक वस्ताद आहेत. त्यांनी तो प्रसंग पाहताच उभे राहून दोन रांगांमधल्या जागेत पवित्रा घेऊन दाखवला आणि सांगाड्यांची पावले कुठे बरोबर पडतात, कुठे चुकतात याचा निवाडा सुरू केला. मग वाद रंगला. ज्याला ना रक्त ना मांस, त्याच्यावर वार करायचा तो कुठे? शेवटी जेसन कड्यावरून समुद्रात उडी घेतो आणि सांगाडेही त्याच्या मागोमाग उड्या घेऊन संपतात, त्यावर एकाने विचारले की, ज्या वस्तादाने यांना तलवार शिकवली त्याने यांना रंकाळ्यावर पोहायला का नेले नाही? हसून हसून पुरेवाट झाली. पण वस्तादांनी त्यानंतर जी गोष्ट दाखवली ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. चित्रीकरणाच्या वेळी त्या तीन नटांच्या समोर कोणीच नव्हते. ते हवेत वार करत होते. तरीही त्यांचा वार जिथे अडायला हवा तिथेच अडतो, कारण त्यांनी प्रत्येक हालचाल मोजून पाठ केली होती. शत्रू समोर नसताना नजर स्थिर ठेवणे ही सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती शिकायला वर्षे जातात, असे वस्ताद म्हणाले. मी तो प्रसंग त्यानंतर पाहिला तेव्हा सांगाड्यांकडे न पाहता नटांच्या डोळ्यांकडे पाहिला.

आणि आता एका पेंग्विनविषयी. ‘द राँग ट्राउझर्स’ हा निक पार्क यांचा १९९३ सालचा अर्ध्या तासाचा चित्रपट, ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचा. वॉलेस नावाचा चीजवेडा संशोधक पैशांच्या ओढाताणीमुळे घरातली एक खोली भाड्याने देतो आणि भाडेकरू म्हणून येतो फेदर्स मॅकग्रॉ हा पेंग्विन, जो मुळात हिरेचोर आहे. डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवला की तो कोंबडी समजला जातो. पोलिसांची जाहिरातसुद्धा कोंबडीच्याच नावाची लागते. वॉलेसला आपला भाडेकरू ओळखू येतो तो हातमोजा निघाल्यावर. या एका मुद्द्यावर आमच्याकडे जितके बोलणे झाले आहे तितके कोणत्याही गंभीर चित्रपटावर झालेले नाही. भाडेकरू ठेवताना वॉलेसने अनामत रक्कम घेतली होती का, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली होती का, येथपासून ते सुरू होते. आणि वॉलेसचा कुत्रा असलेल्या ग्रोमिटला जे पहिल्या दिवशी कळते ते माणसाला शेवटपर्यंत का कळत नाही, येथे येऊन ठेपते.

या चर्चेत कुंभार गल्लीतले एक मूर्तिकार एरवी गप्प बसतात. त्या दिवशी मात्र ते बोलले. गणपतीच्या मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने. आखणी होईपर्यंत ती माती असते, असे आम्ही मानतो, असे ते म्हणाले. या पेंग्विनला तर आखणीच नाही. पापणी नाही, भुवई नाही, चोच हलत नाही, काळ्या मण्यांसारखे दोन डोळे आहेत, बस्स. तरी तो आत आला की अंगावर काटा येतो. का? त्यांनी स्वतःच उत्तर शोधले होते. त्याची मान किती सावकाश वळते आणि वळल्यानंतर तो किती वेळ काहीच करत नाही, त्या न करण्यात सगळे आहे. याउलट ग्रोमिटला तोंडच नाही. त्याचे सारे बोलणे कपाळावरच्या मातीच्या एका घडीत आहे, आणि ती घडी फ्रेमगणिक अंगठ्याने वरखाली केलेली आहे. एकाच चित्रपटात भुवईने बोलणारा कुत्रा आणि भुवईच नसलेला चोर समोरासमोर उभे करणे ही निक पार्क यांची केवढी मोठी युक्ती आहे, हे त्या मूर्तिकारांनी आम्हाला दाखवून दिले. शेवटच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या पाठलागात ग्रोमिट धावत्या गाडीच्या पुढ्यात हाताने रूळ अंथरत जातो, तो प्रसंग तर त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. माती, सांगाडा आणि तोल यांचे ज्यांना रोजचे ज्ञान आहे असे लोक या शहरात घराघरांत आहेत. त्यांच्यापर्यंत स्टॉप-मोशन पोहोचवले नाही, तर ते कोणापर्यंत पोहोचवायचे?

अ‍ॅनिमेविषयी बोलताना आपल्यापैकी अनेकांना वाटते की, हे नव्या पिढीचे वेड आहे. तसे नाही. १९९०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहणारे सगळेच अ‍ॅनिमे पाहत होते. ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओची होती आणि तिच्या हिंदी रूपात शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा होता. आज पन्नाशीला आलेला कोल्हापूरकर अ‍ॅनिमेला परका नाही.

जपानच्या स्टुडिओ घिबलीच्या दोन चित्रपटांविषयी मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर तोतोरो’ आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे दोन्ही चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये एकाच तिकिटावर, एकापाठोपाठ दाखवले गेले. पहिल्यात आई इस्पितळात असलेल्या दोन बहिणींना रानातला एक प्रचंड, गुबगुबीत, निःशब्द शेजारी भेटतो. दुसऱ्यात १९४५च्या बॉम्बवर्षावानंतर कोबे शहरातला एक मुलगा आपल्या चिमुरड्या बहिणीला जगवण्याची धडपड करतो आणि हरतो. हे दोन चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, हा आमच्यातला सर्वांत जुना आणि न मिटलेला वाद आहे. एक पक्ष म्हणतो, आधी रडावे आणि मग तोतोरोच्या पोटावर डोके टेकून शांत व्हावे. दुसरा पक्ष म्हणतो की, असे केल्यास सेत्सुको या लहानग्या मुलीचा मृत्यू आपण एका गोड औषधाने धुऊन टाकतो, आणि ते अन्यायाचे आहे. या वादात चेष्टा पुष्कळ होते. पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न असा आहे की, मुलांना जगाविषयी खरे सांगावे की धीर द्यावा, आणि दोन्ही एकाच संध्याकाळी करता येते का. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका दुसऱ्या पक्षात आहेत आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे अजून कोणाला जमलेले नाही.

‘तोतोरो’मधला पावसातल्या बसथांब्याचा प्रसंग तर या जिल्ह्यात पाहण्यासाठीच काढला आहे असे मला वाटते. रात्र, पाऊस, बाबांची बस येत नाही, धाकटी पाठीवर झोपलेली, आणि शेजारी तोतोरो येऊन उभा राहतो. त्याला छत्री दिली जाते. छत्रीवर झाडाचे थेंब पडण्याचा आवाज त्याला इतका आवडतो की, तो उडी मारून झाडावरचे सगळे पाणी एकदम पाडतो. जुलै महिन्यात गगनबावड्याच्या बाजूला एसटीची वाट पाहत ज्याने तासभर काढला आहे, त्याला या प्रसंगाची प्रस्तावना लागत नाही. मग मांजरबस येते, बारा पायांवर धावत, दिव्यांच्या जागी उंदीर घेऊन, आणि पुढच्या पाटीवर तिला जिथे जायचे तिथले नाव फिरून येते. मांजरबसमध्ये मुलींना अर्धे तिकीट लागेल की नाही, वाहक नसेल तर सुट्ट्या पैशांचे काय, आणि मागणीप्रमाणे पाटी बदलणारी अशी एक गाडी आपल्या आगाराला मिळाली तर ती प्रथम कोणत्या मार्गावर सोडावी, यावर आमच्यातल्या प्रत्येकाचे मत पक्के आहे. ही चर्चा ऐकणाऱ्याला पोरकट वाटेल. परंतु मियाझाकी यांनी त्या विलक्षण प्राण्याला पाटी, दिवे, दार आणि बाक दिले, म्हणजेच रोजच्या प्रवासाची सगळी शिस्त दिली, म्हणून तो खरा वाटतो. आणि तिकिटाचा प्रश्न विचारणारा माणूस नेमका तेवढ्याचसाठी त्याला दाद देत असतो.

आपल्या शहराचा या कलेवरचा हक्कही मला सांगायचा आहे. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. ते मुळात चित्रकार आणि शिल्पकार होते. १९२९ साली येथेच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिचे संस्थापक दामले आणि फत्तेलाल हेही कुंचला हाती धरणारेच होते. दादासाहेब फाळके यांनी मूकपटांच्या काळात आगकाड्या फ्रेमगणिक सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती, आणि त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ हा १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी याच शहरात तयार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ प्रदर्शित झाला. वयाची पासष्टी उलटलेले फाळके येथे पडद्यावर गंगा उतरवत होते तेव्हा तिकडे शेकडो चित्रकार काचेच्या थरांवर रान रंगवत होते. या दोन चित्रपटांवर एका संध्याकाळी एकत्र बोलण्याचा मान दुसऱ्या कोणत्या शहराला आहे?

यंदाचे निमित्तही आहे. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ मे १९२६ मध्ये बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. आज उपलब्ध असलेल्या पूर्ण लांबीच्या अ‍ॅनिमेशनपटांत तो सर्वांत जुना आहे, म्हणजे २०२६ हे त्याचे शताब्दी वर्ष. रायनिगर यांनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापल्या, त्यांचे सांधे तारेने जोडले आणि खालून उजेड देऊन तीन वर्षे त्या हलवल्या. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळीचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आणि चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. त्यांना योग्य मानधन देऊन सन्मानाने बोलवावे, आधी त्यांचा खेळ व्हावा, आणि त्यानंतर हा मूकपट शहरातल्या वादकांच्या प्रत्यक्ष साथीने दाखवावा. अशा कार्यक्रमाला आलेला प्रेक्षक खुर्चीतून लवकर उठणार नाही, याची मला खात्री आहे.

प्रेक्षक येतील का, ही आपली रास्त चिंता आहे. २०१९ साली भारतीय चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली म्हणून जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. युगो साको आणि राम मोहन यांच्या सहभागातून घडलेला भारत-जपान संयुक्त रामायणपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेयर’ या जपानी मालिकेचा नवा चित्रपट आला तेव्हा मोठ्या शहरांत पहाटेचे खेळ लावावे लागले. आपल्या शहरात मुलांसाठी चित्रपट दाखवण्याची जी चळवळ चालते, तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. तिथे घडलेला प्रेक्षक मोठा झाल्यावर कुठे जाणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो. चित्रपट रीतसर हक्क घेऊन, चांगल्या प्रतीत दाखवावेत. त्यासाठी तिकीट लावावे लागले तर आम्ही आनंदाने काढू. जपानी चित्रपट मूळ आवाजात आणि मराठी उपशीर्षकांसह असावेत. हक्कधारकांची परवानगी मिळाली तर उपशीर्षकांचे काम विनामूल्य करायला आमच्यातले भाषेचे जाणकार तयार आहेत. आणि कृपा करून श्रेयनामावली संपेपर्यंत दिवे लावू नका. ज्यांनी वर्षानुवर्षे एकेक फ्रेम हलवली त्यांची नावे तेवढ्याच वेळात वाचता येतात.

चर्चेसाठी व्यासपीठ, पुष्पगुच्छ, प्रमुख पाहुणे यांची गरज नाही. एक ध्वनिक्षेपक रांगांमधून फिरता ठेवावा आणि शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत ज्याला जे सुचले ते त्याने बोलावे. सूत्रसंचालक ठेवायचाच असेल तर त्याला एवढेच सांगावे की, सभागृह हसत असेल तेव्हा ‘आता आपण मुद्द्याकडे वळू या’ असे म्हणू नये.

पहिल्या कार्यक्रमासाठी आमची सूचना अशी आहे. जुलै महिन्यातल्या एखाद्या शनिवारी संध्याकाळी ‘तोतोरो’ आणि ‘फायरफ्लाइज’ हे दोन्ही चित्रपट १९८८ सालाप्रमाणे एकाच तिकिटावर दाखवावेत, मध्ये चहापुरते मध्यंतर असावे, आणि पुढच्या महिन्यात, गणपतीची कामे जोरात सुरू असतील म्हणून मूर्तिकारांना सोयीची वेळ विचारून, ‘द राँग ट्राउझर्स’ व ‘किंग काँग’ लावावेत. जुलैच्या दोन चित्रपटांचा क्रम कोणता असावा याचा निर्णय आम्ही सर्वस्वी आपल्यावर सोपवतो. मात्र तो का घेतला, ते आपल्यापैकी कोणीतरी खेळाआधी पडद्यासमोर उभे राहून सांगावे, आणि खेळानंतर आमच्या शिक्षिकाबाईंना उत्तर देण्यासाठी थांबावे.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत.

आपला नम्र,
कोल्हापुरातील अ‍ॅनिमेशनपटांच्या चाहत्यांपैकी एक